नळीवालीच्या सासूबाई

सात नंबरचं टोकन घेऊन बाई पडद्याआड आल्या आणि नळीवालीच्या हातातली जेलची ट्यूब हवेतच राहिली.

“आई? तुम्ही?”

समोर तिच्या सासूबाई उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, काखेत पर्स, अंगात नेहमीचं राखाडी जाकीट. सकाळी घरातून निघताना तिनं त्यांना खिडकीशी पेपर वाचत बसलेलं पाहिलं होतं. सासूबाईंचाही चेहरा खर्रकन उतरला.

“तू इथे कशी? शनिवारी तू दवाखान्यात असतेस.”

“इथे ज्याला यायचं होतं त्याला ताप आलाय. ऐनवेळी मला पाठवलं.”

सासूबाईंनी टोकन टेबलावर ठेवलं आणि आल्या पावली दाराकडे वळल्या. नळीवालीनं घाईघाईनं त्यांचा फॉर्म उचलला. त्यावर सासूबाईंचं माहेरचं नाव होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हे नाव कुठे लिहिलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं. त्यामुळे सकाळपासून यादी डोळ्यांसमोर असूनही तिची ट्यूब पेटली नव्हती. तक्रारीच्या चौकटीत नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘घास छातीत अडकतो. कधी पाणीसुद्धा.’ त्याखाली ‘किती दिवसांपासून’ असा रकाना होता. तिथे लिहिलं होतं, ‘अकरा वर्षे.’

नळीवालीनं ते दोनदा वाचलं. मग मागचा स्टूल पायानं चाचपून ती बसली.

नळीवाली हे नाव तिला पेशंटांनी दिलं होतं. एका मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत ती चौदा वर्षं एकच काम करत होती. नाकातून बारीक नळी घालायची, घशातून अन्ननलिकेत उतरवायची, आणि गिळताना आत काय होतं ते मशीनवर टिपायचं. कुणाला नळीसकट घरी पाठवायचं असे, कमरेला डबी बांधून. जेवलात की हे बटण, आडवे झालात की ते बटण, छातीत जळजळलं की तिसरं. दुसऱ्या दिवशी माणूस डबी परत आणून देई आणि त्याच्या पोटातली एका दिवसाची सगळी भानगड हिच्या कॉम्प्युटरवर उलगडे. भले भले लोक तिच्या खुर्चीत बसून लहान पोरांसारखे रडत. ती म्हणे, “माझ्याकडे बघा. नळीकडे नाही. घोट घ्या. गिळा, गिळा, गिळा. झालं!” तोवर खरंच झालेलं असे. तिच्या हाताला यश आहे असं डॉक्टरही म्हणत.

आणि हिच्या घरात, हिच्या भिंतीपलीकडे, अकरा वर्षं!

ती उठून धावलीच. सासूबाई अजून हॉलच्या पायऱ्यांपर्यंतही पोचल्या नव्हत्या. हल्ली त्या फार सावकाश चालत. आज तिला पहिल्यांदा वाटलं, का?

“आई, थांबा. तपासणी तर करून जा.”

“राहू दे. काही नाही मला. उगाच आले.”

“अकरा वर्षं काही नाही?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

लोक खरंच बघत होते. भिंतीकडेच्या बाकावर आठ नंबर, नऊ नंबर, दहा नंबर उपाशीपोटी ताटकळत बसले होते. दवाखान्यानं नवीन फिरतं यंत्र घेतलं होतं. सूटकेसमध्ये मावणारं, बॅटरीवर चालणारं. ते घेऊन गावोगावच्या वस्त्यांत जायचं ठरलं आणि पहिलं शिबिर या बस डेपोमागच्या हॉलमध्ये लागलं. पत्रकात छापलं होतं, दवाखान्यात यायची गरज नाही. सासूबाई नेमक्या त्याच ओळीला भुलून आल्या होत्या. दवाखान्यात सून होती ना.

“तुम्हाला मी नको असेन तर डॉक्टरबाईंना सांगते. त्या घालतील नळी.”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “तिचा हात कसा आहे?”

“खरं सांगू? माझ्याइतका हलका नाही.”

“मग तूच घाल,” त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

आता या दोघींमधलं थोडं सांगायला हवं. सासूबाई तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. शिवून आलेला प्रत्येक कपडा त्यांच्या टेबलावरून जायचा. कॉलर अर्धा दोरा वाकडी दिसली की कपडा परत. निवृत्त झाल्या तरी नजर तीच राहिली. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, ही बाई माझीही शिवण तपासते आहे. तरीही पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग एका दुपारी सून लवकर घरी आली, तर मोरीतला नळ धो धो सोडलेला आणि सासूबाई बेसिनवर वाकलेल्या. त्या बाजूला झाल्यावर हिनं पाहिलं, तर बेसिनमध्ये तिनंच सकाळी केलेला भोपळा आणि भात, चावलेला, जसाच्या तसा.

हिचं डोकं सणकलं. “आई, माझ्या हातचं घशाखाली उतरत नसेल तर तोंडावर सांगा. असं ओतून देऊ नका.”

सासूबाईंनी तोंड पुसलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पातेलं वेगळं झालं. अगदी मऊ भात, कधी उकडलेला बटाटा कुस्करून. तोही सगळ्यांचं आटोपल्यावर, खोलीचं दार लावून. सुनेनं त्याचा अर्थ काढायचा तो काढला. नऊ वर्षं एका ओट्यावर दोन स्वयंपाक होत राहिले. नवरा बिचारा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली करायचा आणि घरी आला की दोघींच्या मध्ये अडकायचा. आईला म्हणायचा, “अगं, ती चांगलं करते.” बायकोला म्हणायचा, “अगं, तिचं वय झालंय.” दोघीही त्याला गप्प बसवायच्या.

‘घशाखाली उतरत नसेल तर’ हे शब्द नळीवालीला आता, जेल लावताना, आठवले. जेल नळीवरून ओघळून टेबलावर सांडलं. चौदा वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं.

“जेल सांडलं,” सासूबाई म्हणाल्या.

“असू दे. घोट घ्या. माझ्याकडे बघा. गिळा.”

नळी मोबाईलच्या चार्जरच्या वायरीएवढी जाड होती. नाकातून घशापर्यंत सुरळीत गेली. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. नळी खाली उतरत गेली आणि चाळीस सेंटिमीटरला अडली. नळीवालीनं थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच. तिच्या हाताला कळलं ते डोक्याला कबूल करवेना. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते. आपण गिळलं की ती आपणहून उघडते आणि मग मिटते. ही उघडत नव्हती. पाच मिनिटं धीर धरून, इंच इंच सरकवत तिनं नळी शेवटी पोटात उतरवली. सासूबाईंना हॉलमधल्या टेबल-टेनिसच्या टेबलावर अंथरलेल्या गादीवर, पाठीला उशा लावून, आडवं केलं.

“आता मी पिचकारीनं तोंडात चमचाभर पाणी सोडेन. एकदाच गिळायचं. मग मी सांगेपर्यंत गिळायचं नाही.”

सासूबाईंनी गिळलं. नळीवालीनं स्क्रीनकडे पाहिलं.

निरोगी माणसानं घोट घेतला की निळ्या स्क्रीनवर वरून खाली एक तिरका पट्टा उमटतो, पिवळा आणि लाल. घोटाला मागून ढकलत नेणारी ती लाट. तिनं असे हजारो पट्टे पाहिले होते. कुणाचा फाटका, कुणाचा फिका, कुणाचा अति जोरकस. इथे काहीच आलं नाही. वर घशाशी एक लाल ठिपका, खाली बंद झडपेची आडवी रेघ, आणि मध्ये नुसता निळा रंग.

दुसरा घोट. निळा. तिसरा. निळा.

मशीन बिघडलं, तिनं मनाशी म्हटलं. नवीन आहे, प्रवासात हललं असणार. तिला ते मशीन बिघडलेलं हवं होतं.

“आई, जरा खोका बरं.”

सासूबाई खोकल्या. त्याच क्षणी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ झळकली. नळीवरचे सगळे सेन्सर जागे होते. मशीनला काहीएक झालं नव्हतं.

चार, पाच, सहा. दहाही घोट तिनं पुरे केले. नियमच होता, दहा. दहाव्या घोटाला तिला स्क्रीन दिसेनाशी झाली, म्हणून तिनं बाहीनं डोळे पुसले आणि डॉक्टरबाईंना हाक मारली.

डॉक्टरबाई आल्या, वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला. “मशीन?”

“मशीन बरोबर आहे. खोकला घेतलाय.”

“बाप रे.” डॉक्टरबाई खुर्ची ओढून सासूबाईंच्या उशाशी बसल्या. “काकू, तुमची अन्ननलिका घास ढकलतच नाही. आणि खालचं दारही उघडत नाही. गेली कित्येक वर्षं तुम्ही जे काही खाताय ते वरच साठतंय आणि जमेल तसं झिरपतंय. तुम्ही जगलात कशा?”

नाकात नळी असल्यामुळे सासूबाईंचा आवाज बसका येत होता. “पाणी पिऊन. उभं राहून. थोडं उड्या मारून.”

“उड्या?”

“टाचांवर. दार लावून.”

नळीवालीनं सासूबाईंच्या टाचांकडे पाहिलं. दाराआडून येणारी ती धपधप तिनं किती वर्षं ऐकली होती! आपल्यावरचा राग पाय आपटून काढतात, असं तिनं नवऱ्याला शंभरदा सांगितलं होतं.

“आणि झोप?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“खुर्चीत. आडवं झालं की नाकातोंडात येतं.”

खुर्चीत झोपतात तो रुसवा आहे, हेही तिनंच ठरवलं होतं.

“घरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” डॉक्टरबाई सहज बोलून गेल्या. या बाई हिच्या कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. “म्हणजे एवढी वर्षं रोज समोर जेवणारं माणूस...”

“माझ्या सासूबाई आहेत,” नळीवाली म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि पुढचं वाक्य गिळलं. बाहेरून आठ नंबरानं विचारलं, अजून किती वेळ?

नळी काढल्यावर सासूबाईंनी नाक शिंकरलं, रुमाल बांधला आणि बसनं घरी गेल्या. नळीवालीला आठ, नऊ, दहा नंबर उरकायचे होते. ते तिनं कसे केले हे तिला पुढे कधी आठवलं नाही. आठ नंबरच्या घोटाला तिरका लाल पट्टा झरझर उतरला, तेव्हा ती इतका वेळ त्याच्याकडे बघत बसली की त्या माणसानं घाबरून विचारलं, “काही वाईट आहे का हो?”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई मोरीत कपडे धूत होत्या. ती न विचारता त्यांच्या खोलीत गेली आणि कपाट उघडलं. का उघडलं ते तिलाही सांगता आलं नसतं. अंगातलं ते राखाडी जाकीट सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एवढ्या वर्षांत ते ढगळ कसं झालं नाही?

तिनं एक गाऊन बाहेर काढून उलटा केला. बाजूची शिवण आत घेतलेली होती. तिच्या आत आणखी एक शिवण, जुनी, उसवून पुन्हा घातलेली. तिच्याही आत एक. दुसरा गाऊन काढला, तोही तसाच. त्या राखाडी जाकिटाच्या अस्तरात तर पाच ओळी, एकीशेजारी एक, सुरेख, अर्धा दोराही वाकडा नाही. बाई आतून झिजत होत्या आणि वेळोवेळी कपडे आपल्या मापाचे करून घेत होत्या, कुणाला कळू नये म्हणून. कपड्यातला दोष हुडकण्यात आयुष्य काढलेल्या बाईला तो लपवायचा कसा हेही पक्कं ठाऊक होतं.

ती गाऊन मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती तेव्हा नवरा कामावरून आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढायचा विसरला.

“म्हणजे दारच उघडत नाही?” तो म्हणाला. त्याला लिफ्टचीच भाषा येत होती. “आणि मोटरही बंद?”

“हो.”

“आणि आपण...” तो तसाच बुटांसकट पलंगावर बसला. “माझ्या लहानपणी ती पैजेवर सहा सहा अंडी खायची, माहितेय तुला?”

सासूबाई ओले हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. उलटे केलेले कपडे त्यांनी पाहिले.

“आई, का नाही सांगितलंत?” सुनेनं विचारलं. “मी हेच काम करते हो. हेच! जगातलं दुसरं काही मला येत नाही. तुम्ही एक शब्द बोलला असतात...”

“म्हणून तर.” सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. “माझी आई अशीच गेली. घास अडकतो म्हणायला लागली आणि सहा महिन्यांत संपली. कॅन्सर निघाला. मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं, माझंही तेच. दुसरं कुणी असतं तर खोटं तरी बोललं असतं माझ्याशी. तू नळी घालून बघितलं असतंस आणि खरं ते सांगितलं असतंस.”

“पण अकरा वर्षं, आई! कॅन्सर एवढे दिवस थांबतो का?”

“पहिलं वर्ष वाट बघितली. दुसरंही. मग लाज वाटायला लागली. मरत नाही म्हणून.”

नवऱ्यानं खाली वाकून बूट सोडायला घेतले आणि नाडीची गाठ त्याला सुटेना.

“त्या दिवशी बेसिनपाशी मी जे बोलले,” नळीवालीनं सुरुवात केली.

“ते बोललीस. खरं आहे. मला लागलं होतं. अजून लागतं.” सासूबाईंनी तिच्या मांडीवरचा गाऊन ओढून घेतला आणि सरळ केला. “भोपळा चांगला झाला होता. एवढं कळलं होतं मला, वर आला तरी.”

पुढच्या आठवड्यात दुर्बीण घालून पाहिली. कॅन्सर नव्हता. तुकडा काढून तपासला, तरीही नव्हता. डॉक्टरबाईंनी हे सांगितल्यावर सासूबाईंनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग आणखी एकदा. त्यांचं वजन अडतीस किलो भरलं. आधी महिनाभर पातळ औषधी आहार देऊन थोडी ताकद आणली, मग दुर्बिणीतूनच त्या झडपेचा स्नायू आतून कापून ती मोकळी केली. बाहेरून अंगावर ओरखडाही नाही. सुनेला आत जायची परवानगी होती, पण ती गेली नाही. नवऱ्याशेजारी बाकावर बसून राहिली. चौदा वर्षं ती दाराच्या आतल्या बाजूला असायची. बाहेर वेळ असा चालतो हे तिला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना पाण्याचा पेला दिला. त्यांनी सवयीनं एक घोट घेतला, उभं राहायला टाचा टेकवल्या आणि तशाच थबकल्या.

“गेलं?” सुनेनं विचारलं.

“गेलं.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “कुठे गेलं? कळलंही नाही.” त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा बघायला लागली. मग त्यांनी उरलेला पेला एका दमात संपवला आणि घाबरून वाट बघत बसल्या. काही वर आलं नाही.

सगळंच काही जुळून आलं असं नाही. मेलेली लाट परत येत नाही. घास आता स्वतःच्या वजनानं उतरतो, त्यामुळे त्या अजून ताठ बसून, सावकाश जेवतात. सुनेनं पहिल्यांदा पान वाढलं तेव्हा त्यांनी मीठ कमी आहे असं सांगितलं आणि दोघीही त्यावर हसल्या नाहीत. पातेलं एक झालं, ते कुणी ठरवून नाही. धाकटं पातेलं एक दिवस करपलं आणि नवीन कुणी आणलं नाही. दवाखान्यात नळीवाली आता पेशंटबरोबर आलेल्या माणसाला आधी आत बोलावते आणि विचारते, “हे जेवतात तेव्हा तुम्ही समोर असता का?” बहुतेक जण उत्तर द्यायला वेळ लावतात.

वजन सत्तेचाळीसवर गेलं तेव्हा सासूबाईंनी कपड्यांच्या शिवणी उसवल्या, बॅग भरली आणि कारखान्यातल्या एका मैत्रिणीकडे राहायला दुसऱ्या गावी निघून गेल्या. मैत्रीण दरवर्षी बोलवायची आणि या दरवर्षी काही ना काही कारण काढायच्या. परक्याच्या घरी जेवावं लागलं असतं ना.

चौथ्या दिवशी दुपारी नळीवालीचा फोन वाजला. खुर्चीत एक पेशंट होता, नळी अर्धी आत.

“आई? काय झालं? अडकलं का काही?”

“नाही गं. ऐक, आम्ही काल बाहेर जेवलो. हिचे जावई घेऊन गेले. आधी सूप आलं, मग मासा, मग तो कुरकुरीत बटाटा असतो ना, तो...”

“आई, पेशंट आहे समोर.”

“असू दे, त्याला म्हणावं घोट घे. मग त्यावर आइस्क्रीम. दोन रंगांचं. मी हिचंही अर्धं खाल्लं...”

बारा वर्षांत सासूबाईंनी तिला कधी फोन केला नव्हता. एवढं सलग बोलताना तर तिनं त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. तिनं फोन खांद्यात धरला, पेशंटला खुणेनं गिळायला सांगितलं आणि नळी पुढे सरकवली. पलीकडून सासूबाई आइस्क्रीमच्या दुसऱ्या रंगापर्यंत पोचल्या होत्या.